शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ

शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ हा शस्त्रक्रियेच्या आधी, शस्त्रक्रिया चालू असताना आणि ती संपल्यानंतर उपकरणे, निर्जंतुक क्षेत्र व शल्यचिकित्सकाला लागणारी सामग्री यांची जबाबदारी सांभाळणारा प्रशिक्षित आरोग्यकर्मी होय. बोलीभाषेत त्यास 'ओटी टेक्निशियन' असे म्हणतात. अमेरिकेत हे शिक्षण प्रामुख्याने सामुदायिक महाविद्यालयांतून दिले जाते. महाराष्ट्रात ते वैद्यकीय महाविद्यालयांतील परावैद्यक पदवी, व्यवसाय शिक्षणाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आणि रुग्णालयात प्रत्यक्ष काम करत शिकणे अशा तीन वाटांनी मिळते. या तीन वाटांनी आलेले लोक एकाच टेबलापाशी उभे राहतात. त्यांच्या शिक्षणात मात्र फार मोठे अंतर असते आणि या व्यवसायासंबंधीचे बहुतेक प्रश्न त्या अंतरातूनच उद्भवतात.

नाव व संज्ञा

'तंत्रज्ञ', 'सहायक' आणि 'परिचर' हे शब्द रुग्णालयांत बरेचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. परिचर रुग्णाची ने-आण व स्वच्छता पाहतो. महाराष्ट्रातील रुग्णालयांत त्यांना 'मामा' आणि 'मावशी' म्हणण्याची पद्धत आहे. 'शस्त्रक्रियागृह सहायक' हे राज्याच्या आरोग्य सेवेतील एका पदाचे नाव आहे. 'तंत्रज्ञ' या संज्ञेत मात्र शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, निर्जंतुकीकरण व उपकरणे यांचे पद्धतशीर शिक्षण आणि परीक्षा अभिप्रेत आहे. भूलतंत्रज्ञ ही स्वतंत्र शाखा असून तिचा संबंध भूलयंत्र, श्वासमार्गाची साधने व भूलतज्ज्ञाला साहाय्य यांच्याशी येतो. लहान रुग्णालयांत ही दोन्ही कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात.

पूर्वपीठिका

शस्त्रक्रियेपूर्वी साहित्य मांडून ठेवणारा साहाय्यक ही कल्पना भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच 'अग्रोपहरणीय', म्हणजे आधी जमवून ठेवावयाच्या गोष्टींविषयीचा, असे आहे. त्यात यंत्रे, शस्त्रे, शलाका, कापूस, पट्टे, तूप, मध, थंड व गरम पाणी अशी यादी येते आणि तिच्या अखेरीस परिचारकांचाही उल्लेख आहे. ते प्रेमळ, स्थिर आणि बलवान असावेत, असे ग्रंथकार सांगतो. त्या काळी भूल नव्हती, तेव्हा रुग्णाला धरून ठेवण्यासाठी बळ लागत असे. याच ग्रंथात १०१ यंत्रे व २० शस्त्रे वर्णिली आहेत.

आजचे काम मात्र जंतुशास्त्रातून जन्मले आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाच्या वापराविषयीचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. चार्ल्स शांबरलाँ यांनी १८७९ च्या सुमारास दाबाखालील वाफेचे पात्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, तयार केले. रबरी हातमोज्यांची कथा थेट टेबलापाशी उभ्या असलेल्या साहाय्यकाशी निगडित आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक द्रावणामुळे त्वचारोग जडला. तिच्यासाठी शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास पातळ रबरी मोजे बनवून घेतले. रुग्णाच्या रक्षणासाठी त्यांचा सार्वत्रिक वापर नंतर सुरू झाला.

भारतात ही कामे दीर्घकाळ परिचारिकांनीच केली. आजही शासकीय रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाची सूत्रे बहुधा परिसेविका, म्हणजे 'सिस्टर', यांच्याकडे असतात. भारतीय परिचर्या परिषदेचा शस्त्रक्रियागृह परिचर्येचा एक वर्षाचा पदविकोत्तर अभ्यासक्रम उपलब्ध आहे. परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या कामाची सीमारेषा रुग्णालयागणिक बदलते, आणि एखादी वस्तू कोणी तपासावयाची होती असा वाद उद्भवला की ती नेमकी कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

कामाचे स्वरूप

तंत्रज्ञाचे काम रुग्ण येण्याच्या बरेच आधी सुरू होते. टेबल, दिवे, शोषणयंत्र व कॉटरी यंत्र चालू करून पाहणे, त्या दिवसाच्या यादीप्रमाणे संच काढणे, निर्जंतुक कपड्यांचे ड्रम आणि त्यांवरील पट्टीचा रंग तपासणे, ही सकाळची कामे होत. त्यानंतर हात धुऊन, झगा व मोजे चढवून 'ट्रॉली लावली' जाते. कोणती वस्तू कोठे ठेवावयाची याचा क्रम ठरलेला असतो, कारण शल्यचिकित्सक नजर न वळवता हात पुढे करतो आणि त्या हातात योग्य उपकरण योग्य दिशेने पडावे लागते.

उपकरणांची नावे हा विद्यार्थ्यांना सर्वाधिक छळणारा भाग असतो. बहुतेक नावे युरोप-अमेरिकेतील शल्यचिकित्सकांची आहेत: स्पेन्सर वेल्स, कोखर, अ‍ॅलिस, बॅबकॉक, मेयो, मेट्झेनबॉम, लँगेनबेक, डोयेन. सिझेरियन शस्त्रक्रियेत गर्भाशयाच्या छेदाच्या कडा धरणारा चिमटा ग्रीन-आर्मिटेज यांच्या नावाने ओळखला जातो. मराठीत 'धमनी चिमटा' हा शब्द सिद्ध आहे, पण टेबलापाशी 'आर्टरी' एवढेच म्हणतात, आणि अशा वेळी तेच योग्य होय. पात्यांना क्रमांक असतात. ३ क्रमांकाच्या मुठीवर १०, ११, १२ व १५ क्रमांकांची पाती बसतात, तर ४ क्रमांकाच्या मुठीवर २० ते २४ क्रमांकांची. टाक्याच्या धाग्याची गणना नवख्याला उलटी वाटते: शून्ये जितकी अधिक तितका धागा बारीक. ३-० हा २-० पेक्षा बारीक असतो, आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेत १०-० पर्यंत जावे लागते.

साहाय्यक दोन प्रकारचे असतात. एक हात धुऊन निर्जंतुक क्षेत्रात उभा राहतो. दुसरा त्या क्षेत्राबाहेर राहून पाकिटे उघडून देतो, दिवा वळवतो, नोंदी करतो. निर्जंतुक व्यक्तीचा हात चुकून अनिर्जंतुक वस्तूला लागला, तर मोजे बदलणे हा अपमान नसून नियम आहे. हे उघडपणे सांगण्याचे धैर्य प्रशिक्षणाचाच भाग समजले जाते. वरिष्ठ शल्यचिकित्सकाचा कोपर कोठे लागला हे विसाव्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सांगणे आपल्याकडील वातावरणात सोपे नाही, म्हणूनच ते शिकवावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रिया-सुरक्षेची १९ मुद्द्यांची तपासणी यादी प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन थांब्यांवर ती मोठ्याने वाचावयाची असते. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची बाजू, अ‍ॅलर्जी, रक्ताची सोय आणि अखेरीस वस्तूंची गणना यांचा तिच्यात समावेश आहे.

गणना आणि खोडवा प्रकरण

वस्तूंची गणना हे तंत्रज्ञाच्या कामातील दिसायला सर्वांत साधे आणि परिणामांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर काम होय. मॉप, गॉज, सुया, पाती व चिमटे शस्त्रक्रियेपूर्वी मोजून फळ्यावर लिहितात. गर्भाशयासारखी पोकळी बंद करण्यापूर्वी, पोट बंद करण्यापूर्वी आणि त्वचा शिवताना ती गणना पुन्हा होते. मध्येच साहाय्यक बदलला तर तेव्हाही होते. दोघांनी, मोठ्याने आणि एकत्र मोजावे असा दंडक आहे. रक्ताने भिजलेला मॉप पोटात आतड्यासारखाच दिसतो. म्हणून त्याला लांब पट्टी शिवलेली असते व तिच्या बाहेरील टोकाला चिमटा लावून ठेवतात. शिवाय क्ष-किरण चित्रात दिसणारा धागा विणलेले मॉप वापरावे असा संकेत आहे. हिशेब जुळला नाही तर शोध घेतला जातो, आणि तरीही वस्तू न सापडल्यास क्ष-किरण चित्र काढले जाते.

शरीरात राहून गेलेल्या कापडाभोवती तयार होणाऱ्या गाठीला 'गॉसिपिबोमा' म्हणतात. कपाशीच्या कुळाचे लॅटिन नाव गॉसिपियम, आणि दडण्याची जागा या अर्थाचा स्वाहिली शब्द बोमा, अशी त्याची व्युत्पत्ती दिली जाते. कपाशीवर जगणाऱ्या वऱ्हाडाला हा शब्द एरवी घरचा वाटला असता.

महाराष्ट्रातील एका प्रकरणाने या गणनेला न्यायालयीन इतिहासात स्थान दिले. १९६३ साली औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका महिलेस ताप व वेदना सुरू झाल्या. काही दिवसांनी दुसरी शस्त्रक्रिया केली असता पोटात राहिलेला मॉप सापडला. ती महिला वाचली नाही. तिच्या कुटुंबीयांच्या बाजूने कनिष्ठ न्यायालयाने दिलेला निर्णय उच्च न्यायालयाने फिरवला. अखेर १९९६ मध्ये 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शासनास भरपाईसाठी जबाबदार धरले. पोटात मॉप राहणे ही घटनाच निष्काळजीपणा सांगते, त्यासाठी निराळ्या पुराव्याची आवश्यकता नाही, असे तत्त्व न्यायालयाने येथे लागू केले. मृत्यू आणि निकाल यांच्यामध्ये तेहतीस वर्षे गेली. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत हा निकाल आजही उद्धृत केला जातो. शस्त्रक्रियागृहात काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा मुळातून वाचण्याजोगा आहे.

निर्जंतुकीकरण

वाफेने निर्जंतुक करताना सामान्यतः १२१ अंश सेल्सियस तापमानाला प्रतिचौरस इंच १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे, किंवा निर्वात यंत्रात १३४ अंशांना तीन ते चार मिनिटे, असे प्रमाण पाळतात. हा काळ तापमान गाठल्यापासून मोजावयाचा असतो, बटण दाबल्यापासून नव्हे. ड्रम ठासून भरला तर वाफ आतपर्यंत पोहोचत नाही. बाहेरील पट्टीचा रंग बदलला म्हणजे आतील कापड निर्जंतुक झाले असेही नाही. ती पट्टी केवळ यंत्रातून फेरी झाल्याचे सांगते. खरी खातरजमा उष्णतेला अत्यंत चिवट असणाऱ्या जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या जिवाणूच्या बीजाणूंवर केली जाते: ते मेले असतील तर यंत्र विश्वासार्ह समजावे.

दुर्बिणीसारखी उष्णता न सोसणारी उपकरणे ग्लुटारल्डिहाइडच्या २ टक्के द्रावणात ठेवतात. २० मिनिटांत होते ते निर्जंतुकीकरण नव्हे, केवळ उच्च पातळीचे जंतुनाशन. बीजाणू मारण्यासाठी १० तास लागतात. द्रावणातून काढलेले उपकरण निर्जंतुक पाण्याने धुतल्याशिवाय वापरता येत नाही. या सर्वांच्या आधी उपकरण घासून स्वच्छ करणे आवश्यक असते, कारण वाळलेल्या रक्ताखालील जंतू वाफेलाही दाद देत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या कचऱ्याची विभागणी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या पात्रांत होते. सुया आणि पाती पांढऱ्या, टोचणार नाही अशा पात्रात जातात.

घाईने उरकलेल्या शिबिरांत या नियमांची परीक्षा होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका दिवशी ८३ महिलांवर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर तेरा महिला दगावल्या. मृत्यूंचे कारण दूषित औषधे की जंतुसंसर्ग यावर मतभेद झाले. तथापि, २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. एकामागून एक रुग्ण टेबलावर येत असता दोन रुग्णांमध्ये उपकरणाला आवश्यक तेवढा वेळ मिळतो की नाही, हे पाहणारा डोळा तंत्रज्ञाचा असतो.

महाराष्ट्रातील शिक्षण

नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये झाली. त्याच्या परावैद्यक तंत्रज्ञान पदवी अभ्यासक्रमात, म्हणजे बी.पी.एम.टी. मध्ये, प्रयोगशाळा, क्ष-किरण, भूल, हृदयरोग, रक्तसंक्रमण आदी शाखांबरोबर शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ ही शाखा आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेला विद्यार्थी प्रवेशास पात्र ठरतो. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यानंतर आंतरवासिता करावी लागते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे विषय सर्व शाखांना समान असतात. पुढे शाखेचे विशेष शिक्षण व शस्त्रक्रियागृहातील प्रत्यक्ष काम येते. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या शाखेच्या किती जागा आहेत, हे दरवर्षी विद्यापीठाच्या व महाविद्यालयाच्या सूचनांवरून पाहणे इष्ट, कारण सर्व शाखा सर्वत्र नसतात.

दुसरी वाट राज्याच्या कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळाशी संलग्न अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची. दहावी-बारावीनंतर लवकर मिळकत हवी असणाऱ्यांना ती जवळची वाटते. अशी संस्था निवडताना एक प्रश्न पुरेसा ठरतो: विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात, किती महिने, किती शस्त्रक्रियांत प्रत्यक्ष उभा राहणार? याचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर वर्गातील प्लास्टिकच्या सांगाड्यावर भागणार असे समजावे. जाहिरातीतील 'शंभर टक्के नोकरी' या शब्दांपेक्षा संलग्नतेचे पत्र आणि नोंदणीस पात्र असल्याचा पुरावा अधिक महत्त्वाचा होय.

तिसरी वाट जुनी आहे. परिचर म्हणून लागलेला एखादा मुलगा डॉक्टरांच्या पाठीमागे उभा राहून शिकतो आणि दहा वर्षांत उत्तम हात तयार होतो. अशा लोकांच्या जोरावर तालुक्यांतील कितीतरी शस्त्रक्रियागृहे चालली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तो जे शिकतो ते एका डॉक्टरांच्या सवयींचे शिक्षण असते. त्या सवयीत दोष असेल तर तोही शिष्याकडे जातो, आणि दुसऱ्या गावी त्याच्या हातातील कौशल्याला कागदाचा आधार नसतो.

अकोट व वऱ्हाड

अकोट हे अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. येथील शासकीय व खाजगी रुग्णालयांत तालुक्याबरोबरच मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांतूनही रुग्ण येतात. त्यांत कोरकू बोलणारेही असतात. पाठीच्या कण्यात भूल देताना रुग्णाने पाठ कशी वाकवावी, हे तंत्रज्ञाने खांदे धरून समजावून सांगावयाचे असते, आणि तेथे चार कोरकू शब्द येत असतील तर भूलतज्ज्ञाचे निम्मे काम हलके होते. वऱ्हाडात रुग्ण तंत्रज्ञाला बहुधा 'भाऊ' म्हणून हाक मारतात.

अकोटच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ४५ किलोमीटरवरील अकोल्याचे. अकोला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. त्याचे रुग्णालय 'सर्वोपचार' या नावाने जिल्हाभर परिचित आहे. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. २०२४ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले, आणि त्याच वर्षी बुलढाणा व वाशीम येथेही. अमरावतीचे 'इर्विन' व 'डफरीन' ही रुग्णालये आणि विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय येथे शस्त्रक्रियांचे वैविध्य मोठे असल्याने अनुभवाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व आहे. अकोला-अकोट मार्गावरील मीटरगेज गाडी २०१७ च्या आरंभी बंद झाली व रुंद मार्गावरील गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. मधली वर्षे विद्यार्थ्यांनी एस.टी.वर काढली. सकाळी आठला ट्रॉली लावावयाची असेल तर रोजचे जाणे-येणे अवघड जाते, हे प्रवेश घेताना ध्यानात घ्यावे.

तालुका पातळीवर कामाचे स्वरूप निराळे असते. येथे एकच माणूस ट्रॉली लावतो, भूलतज्ज्ञाला मदत करतो, ऑटोक्लेव्ह चालवतो आणि वीज गेली की जनित्रही पाहतो. रात्री दोन वाजता तातडीचे सिझेरियन आले तर मोजणीसाठी दुसरा माणूस कोठून आणावयाचा हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही. ज्या रुग्णालयांनी तो सोडवला आहे, तेथे फळ्यावर लिहिण्याचे काम परिचारिकेकडे किंवा मावशींकडे दिलेले असते: तंत्रज्ञ मोठ्याने मोजतो आणि त्या आकडा लिहितात. व्यवस्था आदर्श नाही, पण एकट्याने मनात मोजण्यापेक्षा ती निश्चितच बरी.

कायदेशीर दर्जा

महाराष्ट्रात परावैद्यक व्यवसायांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ हा कायदा करण्यात आला. देशपातळीवर राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम मार्च २०२१ मध्ये संमत होऊन त्याच वर्षी अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ हा व्यवसाय आघात, भाजणे व शस्त्रक्रिया-भूल तंत्रज्ञान या गटात नोंदवलेला आहे. या कायद्यानुसार संबद्ध आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक आहे. तासांची ही अट सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रांसमोर उभा राहिलेला मोठा प्रश्न आहे. २०२५ मध्ये केंद्र शासनाने दहा व्यवसायांसाठी आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केले. त्यांत भूल व शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञान एकत्र धरले आहे, जे लहान रुग्णालयांतील वस्तुस्थितीशी जुळणारे म्हणावे लागेल.

अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांची उणीव भासल्यावर सैन्याने शस्त्रक्रियागृहासाठी तंत्रज्ञ तयार केले, आणि युद्धानंतर नागरी रुग्णालयांनी ती पद्धत स्वीकारली. तेथील तंत्रज्ञांची संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली. सामुदायिक महाविद्यालय म्हणजे त्या परिसरातील रहिवाशांना कमी शुल्कात दोन वर्षांचे शिक्षण देणारी सार्वजनिक संस्था. शिक्षणक्रम पूर्ण केल्यावर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा देता येते. तेथील प्रमाण अभ्यासक्रमात तासांबरोबर शस्त्रक्रियांचीही मोजणी होते. विद्यार्थ्याने किमान १२० शस्त्रक्रियांत भाग घ्यावा, त्यांपैकी ३० सामान्य शल्यचिकित्सेच्या व ९० इतर शाखांच्या असाव्यात, आणि ८० शस्त्रक्रियांत तो प्रमुख हात म्हणून उभा असावा, अशी अट आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद विद्यार्थ्याच्या वहीत होते. अशी नोंदवही वऱ्हाडातील विद्यार्थ्यालाही स्वतःहून ठेवता येते: तारीख, शस्त्रक्रियेचे नाव, आपली भूमिका, आणि मार्गदर्शकाची सही. रुग्णाचे नाव तीत लिहू नये.